मागच्या दाराची बिजागरी

कसबा पेठ, पुणे
अधिक ज्येष्ठ, सोमवार

आदरणीय साडूबंधू रणजितराव यांच्या सेवेशी,

संतोषचा वाकून नमस्कार (कंबरेने परवानगी दिली तेवढाच वाकलो आहे, आदर पूर्ण आहे). आपला गुडघा कसा आहे? दिवाळीत आपण सांगितलात उजवा आणि चालताना धरलात डावा, म्हणून दोन्हींची चौकशी करतो. साताऱ्यात उन्हाळा आमच्यापेक्षा बरा असेल. कुसुमताईंनी पाठवलेला साखरांबा पोचला. बरणीचं झाकण आट्यांवर तिरकं बसलं होतं, पण साखरांबा उत्तम. इकडे सर्व क्षेम आहे. दुकान ठीक चाललंय. कड्याकोयंडे आणि बिजागऱ्या यांना मंदी नसते, दारं आहेत तोवर माणसं ती आपटणारच. निशा ठीक आहे. सध्या फार बोलत नाही, पण ठीक आहे.

फोन सोडून पत्र का, असं आपल्याला वाटेल. आपला फोन कायम स्पीकरवर असतो आणि आपण बोलत असताना कुसुमताई शेजारी लसूण सोलत बसलेल्या असतात. त्यांना कळलेली गोष्ट त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे निशाला, कळायला एका पाकळीचाही अवकाश लागत नाही. तेव्हा हे पत्र एकट्याने वाचावं आणि नंतर आपल्याकडच्या धरणांच्या जुन्या नकाशांच्या नळकांड्यात घालून ठेवावं.

हेतू निव्वळ माहितीचा आहे. यंदाच्या धोंड्याच्या महिन्याला आपल्या मेव्हण्याने, म्हणजे इंद्रजीतने, दोन्ही जावयांना जोडीने एकेक रात्र त्या जुन्या हॉटेलात ठेवायचं ठरवलं, हे आपण जाणताच. आम्ही गेल्या शुक्रवारी जाऊन आलो, आपला नंबर पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी आहे. (हॉटेलचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी माझं नाव लिहून घेतलं आहे, एका बाजूने तेवढं पुरे.) अधिकात जावयाला वाघोलीला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, तांब्याच्या ताटात दिवा आणि अनारसे द्यायचे, ही आपल्या सासुरवाडीची रीत. पण सासूबाईंच्या, म्हणजे सोजरबाईंच्या मनगटांनी आता पुरणयंत्राशी फारकत घेतली आहे, आणि इंद्रजीत खराडीच्या ज्या कंपनीत आहे तिथे प्रत्येक अडचणीवर बुकिंग हाच उपाय असतो. सासऱ्यांना, हिंदुरावांना, आधी पटलं नव्हतं. "घरचा जावई हाय, त्येला लॉजवर कशाला ठिवायचा?" असं ते म्हणाले. इंद्रजीतने त्यांना मोबाइलवर त्या इमारतीचा फोटो दाखवला. तो डोळ्यांजवळ धरून त्यांनी निरखला आणि म्हणाले, "ह्ये व्हय. मग जाऊ द्या."

निरखण्याचं कारण असं. निशा लहान असताना हिंदुराव वाघोलीहून मेथी, घेवडा आणि कोथिंबीर टेंपोत घालून कँपात आणायचे, आणि याच हॉटेलच्या मुदपाकखान्याच्या मागच्या फाटकाशी माल उतरवायचे. सुट्टीत निशा टेंपोत मागे जुड्यांवर बसून यायची. त्या फाटकातून हॉटेलच्या पुढच्या व्हरांड्याचा फक्त एक कोपरा दिसायचा: पांढऱ्या वेताच्या खुर्च्या, आणि चहात साखर विरघळून गेली तरी चमचा ढवळत बसलेली एखादी बाई. दरवान म्हणायचा, बघायचं ते इथूनच बघा. एवढंच. ही हकीकत तिने मला लग्नानंतर पाचसात वेळा सांगितली असेल आणि दर वेळी चमच्याशी येऊन थांबली. हॉटेलचं ठरलं तेव्हा ती मला म्हणाली, "मला तिथे पाच वाजता चहा प्यायचाय. समोरच्या बाजूने. तुम्ही शेजारी बसा. बाकी वेळ तुम्हाला काय बघायचं ते बघा." मी म्हणालो, त्यात काय अवघड आहे.

आता इमारत. आपण पदवीधर अभियंता आणि मी अकरावी नापास, तरी जुन्या बांधकामाविषयी आपण मलाच विचारता हा आपला मोठेपणा. जोतं काळ्या पाषाणाचं, घडीव, चांगलं कंबरभर उंच. त्यामुळे दारातच पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूला, चढताना उजव्या हाताला. (गुडघा डावा असल्यास चढताना सोय, उतरताना गैरसोय.) आत लॉबीत रंगीत नक्षीच्या विलायती फरश्या आहेत. दिसायला अप्रतिम, पण त्या सारख्या पुसतात, ही त्यांची मोठी अडचण. आपण जरा जपूनच. जिना सागवानी, वळणाचा, आणि त्याची पायरी हल्लीच्या पायरीपेक्षा दीड बोट उंच. हे मी मोजलं तेव्हा स्वागतकक्षातली मुलगी "सर, काही हरवलं का?" म्हणाली. लिफ्ट आहे, नाही असं नाही. पण ती लोखंडी सरकत्या जाळीची, पिंजऱ्यासारखी आहे, आणि तिच्यात उभं राहिलं की बघायला आलेले आपण का बाहेरचे, असा प्रश्न पडतो. पुढच्या व्हरांड्याला बिडाचे नाजूक खांब आहेत. छत म्हणजे लोखंडी तुळयांच्या मधे विटांच्या बसक्या कमानी. हे काम असं आहे की मान वर करून बघताना मी एका परदेशी पाहुण्याच्या सूपपर्यंत पोचलो. दारातली स्थापनेची पाटी मात्र जुनी नाही. दगड अलीकडचा आहे आणि त्यावर यंत्राच्या करवतीच्या खुणा आहेत. हे मी तिथल्या मुलीला समजावून सांगत होतो तेव्हा निशाने मला कोपराने ढोसलं.

खोलीची उंची इतकी की हाक मारली तर ती परत यायला वेळ लागतो. छतात पूर्वीच्या दोरीने ओढायच्या पंख्याच्या कड्या अजून आहेत, आणि दोरी बाहेर जायची ते भिंतीतलं भोकही आहे (बुजवलेलं, पण मला सापडलं). पलंग एवढा उंच की चढायला शेजारी एक चौरंग ठेवतात. आपल्याला तो त्रासाचा होईल. उशांचा मेनू असतो, हेही सांगून ठेवतो. जेवणाचा असतो तसाच, छापील. मी ‘साधी’ म्हणालो तर ती त्यात नव्हती. दिवे, पडदे आणि थंड हवा एकाच पाटीवरच्या बटणांनी चालतात आणि त्या पाटीला माणसाचा हेतू अगोदरच कळतो असं हॉटेलचं म्हणणं आहे. मी दिवा लावायला गेलो तर पडदे उघडले. न्हाणीघरात सिंहाच्या पंजांवर उभा असलेला टब आहे आणि संडासाशेजारी टेलिफोन आहे. तिथून कोणाला फोन करावा हे कुठे लिहिलेलं नाही.

याच न्हाणीघरापाशी मूळ विषय सुरू होतो. साडेचार वाजले होते. निशा जांभळं इरकल नेसून तयार झाली आणि म्हणाली, "मी खाली जाऊन जागा धरते, तुम्ही अंघोळ उरकून या." मी अंघोळ केली, हॉटेलने दिलेला पांढरा जाडजूड झगा घातला आणि टॉवेल टांगायच्या दांडीमागे मला भिंतीत एक चौकट दिसली. रंग मारून भिंतीत मिसळून टाकलेली. आपल्याला माहीत असेलच (पदवीच्या अभ्यासक्रमात होतं की नाही ठाऊक नाही, मी वाचून शिकलो) की त्या काळी वरच्या मजल्यावर नळ नसत. अंघोळीचं पाणी मागच्या जिन्याने वर यायचं आणि पाणी आणणाऱ्याने साहेबाच्या खोलीतून जायचं नाही, म्हणून प्रत्येक न्हाणीघराला मागच्या सज्जात उघडणारं वेगळं दार असायचं. आता हे तेच दार की नुसती चौकट, हे पाहायला नको? मोजपट्टी आणि पेचकस मी अंघोळीलाही जवळ ठेवतो असं निशा म्हणते. ही अतिशयोक्ती आहे. त्या दिवशी होते.

रंगाचा पापुद्रा कडेने सोडवला, आतली पितळी आकडी उचलली आणि दार उघडलं. मी बाहेर सज्जात आलो ते केवळ बिजागरी बाहेरून बघायला. रणजितराव, काय बिजागरी होती! स्प्रिंगची, सबंध पितळेची, दार आपोआप मिटवणारी. अशी आता मिळत नाही. आमच्या दुकानात मिळते ती तीन पावसाळ्यांत ढिली पडते (हे आमच्या गिऱ्हाइकांना सांगू नये). हिने एवढ्या वर्षांनीही दार अशा मायेने मिटलं की आवाजसुद्धा झाला नाही. आवाज झाला तो आतली आकडी जागेवर पडल्याचा. बाहेरची मूठ कोणीतरी कधीच काढून नेलेली होती. फोन आत, चष्मा आत, कपडे आत. बाहेर मी, झगा, मोजपट्टी आणि पेचकस. वाईट बिजागरी असती तर मी वाचलो असतो.

मागच्या बाजूला गोल लोखंडी जिना होता. तो उतरून खाली गेलो तर मुदपाकखान्याचं अंगण. चादरी वाळत होत्या, कोणी कोबी चिरत होतं. तिथे हातात वॉकीटॉकी घेतलेला प्रज्ञेश नावाचा तरुण भेटला. इमारतीची देखभाल त्याच्याकडे असते. तो धावत आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही मागूनच सुरुवात केलीत? आम्ही पुढे वाट बघत होतो. स्ट्रक्चर बघायलाच आलात ना?" आता मी खरोखरच स्ट्रक्चर बघायला आलो होतो. मी हो म्हणालो. त्यांच्याकडे त्या दिवशी छताची तपासणी करायला कोणी सल्लागार यायचा होता, हे मला नंतर कळलं. झग्याचं म्हणाल तर तो मी धुळीसाठी घातला आहे असं त्याला वाटलं. "भारी आयडिया आहे, सर," असंही म्हणाला.

तिथेच ते फाटक होतं. निशाच्या टेंपोचं. मी सहज वळून पाहिलं तर कुंपणाच्या फटीतून व्हरांड्याचा नेमका तो कोपरा दिसत होता. चष्मा नव्हता, पण जांभळा रंग ओळखू आला आणि डोळे बारीक केल्यावर बाकीचंही. निशा वेताच्या खुर्चीत ताठ बसली होती, समोर चहाची किटली आणि तीन मजली ताटली. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिने त्यावर पर्स ठेवलेली होती, जागा धरायला ठेवतात तशी. मी हात वर करणार होतो. झग्यात हात वर करणं सोपं नसतं, हेही एक. तेवढ्यात प्रज्ञेश म्हणाला, "सर, उजेड आहे तोवर छत बघून घेऊ या का? वरचा पोटमाळा एरवी कोणालाच उघडून देत नाही."

रणजितराव, आपण अभियंता आहात. छातीवर हात ठेवून सांगा, या वाक्याला आपण नाही म्हणाला असता का?

पोटमाळा पाहिला. छप्पर तोलणाऱ्या सागाच्या अखंड कैच्या, मधे उभा खांब, सांध्यांवर हाताने घडवलेल्या लोखंडी पट्ट्या, वर मंगलोरी कौलं, आणि कौलांच्या फटींतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपी. एका कैचीला हात लावून मी प्रज्ञेशला तिचं वय, ती कुठल्या जंगलातली आणि आता असं लाकूड का मिळत नाही हे सगळं सांगितलं. तो मोबाइलवर टिपून घेत होता. कोणी माझं बोलणं टिपून घेण्याची ही पहिलीच वेळ. त्यामुळे मी थोडा सविस्तर बोललो. मधेच एका खिळ्याला झग्याचा पट्टा अडकला आणि तो सोडवण्यात आणखी वेळ गेला. मनात चहा होता. नव्हता असं म्हणणार नाही. पण प्रत्येक कैचीशी वाटे, एवढी बघू आणि जाऊ.

तेवढ्यात शिडीवरून डोक्यावर पिवळं शिरस्त्राण घातलेली एक मुलगी वर आली. उत्कर्षा तिचं नाव. आमच्याकडे बघून तिने प्रज्ञेशला विचारलं, "हे कोण?"

"मॅडम, आपले कन्सल्टंट."

"कन्सल्टंट मी आहे."

मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले. "काका, तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"मी जावई," मी म्हणालो.

"कोणाचे?"

"हिंदुरावांचे. वाघोलीच्या."

उत्तर चूक नव्हतं, त्या जागी अपुरं होतं. प्रज्ञेशचा चेहरा कोऱ्या चादरीसारखा झाला. वॉकीटॉकीवर दोनतीनदा माझं वर्णन झालं (‘बाथरोबवाले गेस्ट’ हे मी ऐकलं), नाव लिहून घेतलं गेलं आणि मला खाली नेण्यात आलं. तेही सागवानी जिन्याने, कारण मागच्या बाजूला माझी पुन्हा गाठ पडू नये अशी त्यांची इच्छा होती. लॉबीत सासरे आणि सासूबाई जेवणासाठी नुकतेच येऊन बसले होते. हिंदुरावांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "अंघोळ झाली का व्हायचीय?"

मी तसाच व्हरांड्यात गेलो. दिवे लागले होते, किटली उचलून नेली होती. निशा उभी राहून बागेकडे बघत होती. "झालं बघून?" म्हणाली. मी हो म्हणालो. "चांगलं होतं?" मी म्हणालो, "फार." खरं तेच बोललो, बहुधा इथेच चुकलं.

जेवणाचं थोडक्यात सांगतो. इंद्रजीतने आधी सांगून ठेवल्यामुळे हॉटेलने धोंडे केले होते. मोठ्या पांढऱ्या ताटलीत मधोमध एकच, वर पुदिन्याचं पान, बाजूला सुरी आणि काटा. सासूबाईंनी तो ओळखला नाही. त्यांनी पदराखालून स्टीलचा डबा काढला आणि माझ्या पानात घरचे चार धोंडे वाढले (मनगटांचं विचारलं तर "तेवढं व्हतंय" म्हणाल्या). हिंदुराव म्हणाले, "आमी तुमास्नी विष्णू म्हनून बोलवलं व्हतं, जावईबापू. तुमी वास्तुपुरुष निघालात." सासूबाई म्हणाल्या, "असू द्या वो. खाऊ द्या त्यास्नी, दमल्यात." इंद्रजीत हसून हसून पाणी प्याला. निशा हसली नाही, रागावलीही नाही. धोंडा खाल्ला आणि म्हणाली, "आई, तूप छान आहे."

तेव्हापासून हे असं आहे. "कुकर बंद करा" आणि "दूध आलंय" एवढंच बोलणं. भांडली असती तर मला उपाय माहीत होते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. पण ती शांत आहे, आणि मधूनच गुणगुणते. रागात गुणगुणण्याचा हा प्रकार मला नवीन आहे. काल तिने चहात साखर घातली आणि विरघळल्यावरही चमचा ढवळत बसली. ते बघून मला जे झालं ते मी इथे लिहीत नाही, आपण समजून घ्यावं. माणसाने एकच गोष्ट मागावी, आणि तीही शेजारी बस एवढीच, आणि ती सव्वीस वर्षांत एकदाच मागावी.

असो. इमारत पाहण्यासारखी आहे, राहण्यासारखी आहे असं मात्र आपल्या बाबतीत म्हणवत नाही. कुसुमताईंना नमस्कार, गुडघ्यांना आराम.

आपला,
संतोष

ता. क. : वर लिहिलेल्या पायऱ्या, फरश्या, पलंग आणि लिफ्ट यांचा शांतपणे विचार करून, आपल्याला झेपणार नाही असं वाटल्यास, गुडघ्याचं कारण सांगून इंद्रजीतला तसं कळवावं आणि आपली शुक्रवारची रात्र आम्हाला द्यावी. या वेळी मी साडेचारलाच खुर्चीत बसेन आणि उठणार नाही. मोजपट्टी घरी ठेवीन. बदल्यात आपल्या घराच्या सगळ्या दारांना मी स्वतः येऊन बिजागऱ्या बसवून देतो, चांगल्यातल्या. इंद्रजीतशी बोलण्याआधी गुडघा उजवा की डावा हे ठरवून घ्यावं.

आणखी एक : त्या सागाच्या कैच्या, उत्कर्षा म्हणाली, जुन्या नाहीत. कधीतरी छत पूर्ण बदललं तेव्हा जुन्या नमुन्यावरून नव्या केल्या, पट्ट्यांसकट. मी सांगितलेलं वय शंभरेक वर्षांनी जास्त झालं. हे फक्त आपल्यासाठी. बिजागरी मात्र जुनीच आहे, तिने स्वतः मान्य केलं.

शेवटचं : पत्र पेटीत टाकायला निशाकडेच देतोय, नाहीतर तिला संशय येईल. पाकिटाच्या चारही कडांना डिंक लावणार आहे.

दाजी, नमस्कार. निशा.

डिंक चहाच्या वाफेवर सुटतो, एवढं बिजागऱ्या विकणाऱ्याच्या बायकोला कळतं. लिफ्ट उत्तम आहे. पलंगही बरा आहे. ह्यांनी सगळं मोजून लिहिलं, पण टेंपोत आम्ही दोघी असायचो, मी आणि ताई, हे लिहायचं राहिलं. मेथीच्या जुड्यांवर बसून ताईच म्हणायची, मोठ्या झालो की आपण पुढच्या बाजूने यायचं. त्या दिवशी रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली होती ती जागा कोणासाठी होती, हे मलाही आधी नीट ठाऊक नव्हतं. पहिला कप ह्यांची वाट बघण्यात गेला. दुसऱ्या कपाला आठवलं. तिसरा मी मजेत प्यायले.

तेव्हा तुमची रात्र ह्यांना देऊ नका. ताईला घेऊन शुक्रवारी पुण्याला या आणि तिला माझ्यासोबत हॉटेलात पाठवा; इंद्रजीतशी मी बोलले आहे. तुम्ही दोघं जावई वाघोलीला बाबांकडे जा. आई धोंडे करणार आहे, आणि गोठ्याचं दार कधीपासून मिटत नाही.

मी रागावले आहे असं ह्यांना वाटतंय. तसंच वाटू द्या. घरात फार शांतता आहे.